भिंतींवरची पाठशाळा : एलिझाबेथ व्हिजे ल ब्रंच्या वाटेने पॅरिस ते पीटर्झबर्ग

अठराव्या शतकातील युरोपात चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणापुढे दोन रूढ वाटा होत्या. एक, व्यवसायाच्या श्रेणीत नाव नोंदवलेल्या एखाद्या उस्तादाकडे वर्षानुवर्षे उमेदवारी करायची. दुसरी, राजाश्रयाने चालणाऱ्या अकादमीत प्रवेश मिळवून तिथल्या वर्गांत नग्न मानवी देहावरून रेखाटनाचा अभ्यास करायचा. मुलींना पहिली वाट क्वचितच आणि बहुधा बापाच्या किंवा नवऱ्याच्या घरातूनच उघडत असे, तर दुसरी जवळजवळ बंदच होती. अशा काळात पॅरिसच्या एका मध्यमवर्गीय घरात जन्मलेली आणि बाराव्या वर्षी पोरकी झालेली एलिझाबेथ व्हिजे फ्रान्सच्या राणीची आवडती चित्रकार झाली आणि क्रांतीनंतर परागंदा होऊनही केवळ कुंचल्याच्या बळावर इटली, ऑस्ट्रिया आणि रशिया या देशांत मानाने जगली. तिचे शिक्षण कोणत्याही एका संस्थेत झाले नाही. ते शहरोशहरी, इतरांच्या भिंतींवर टांगलेल्या चित्रांसमोर आणि स्वतःसमोर येऊन बसलेल्या चेहऱ्यांसमोर झाले. तिचे जीवन समजून घ्यायचे, तर त्या शहरांचा प्रवास करण्यावाचून गत्यंतर नाही.

या प्रवासाचा आरंभ पॅरिसच्या जुन्या बाजारपेठेला लागून असलेल्या सेंत-युस्ताश चर्चच्या परिसरातून करणे योग्य ठरते. चर्चजवळून पश्चिमेकडे निघणाऱ्या रु कोकियेर या रस्त्यावर १६ एप्रिल १७५५ रोजी एलिझाबेथचा जन्म झाला. तिचे वडील लुई व्हिजे पेस्टलमध्ये, म्हणजे रंगद्रव्याची पूड डिंकासारख्या बंधकात मळून केलेल्या कोरड्या कांड्यांनी, व्यक्तिचित्रे काढीत. आई जान ही केशभूषा करणारी होती. वयाच्या सहाव्या ते अकराव्या वर्षांपर्यंत मुलगी मठातील शाळेत होती आणि वह्यांच्या कडांवर, इतकेच नव्हे तर शयनगृहाच्या भिंतींवरही चेहरे रेखाटल्याबद्दल तिला तिथे शिक्षा होत असे. वडिलांनी मात्र तिच्या हातातील गुण ओळखला होता आणि रंगांची पहिली ओळखही त्यांच्याकडूनच झाली होती. १७६७ च्या मे महिन्यात माशाचा काटा गिळला गेल्याचे निमित्त होऊन त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ही ओळख अर्धीमुर्धीच राहिली. आज या गल्ल्यांतून पायी निघाले असता लूव्ह्र संग्रहालय हाकेच्या अंतरावर लागते. पुढच्या काळात तिच्या शिक्षणाचे केंद्र ठरलेला बराचसा भूभाग या एवढ्याशा परिसरात सामावलेला आहे.

वडिलांच्या माघारी तिला कोणी काही शिकवलेच नाही, असे मात्र नाही. वडिलांचे मित्र गाब्रिएल-फ्रांस्वा द्वायाँ यांनी शोकात बुडालेल्या मुलीला पुन्हा कागदाकडे वळवले; ब्रियार नावाच्या चित्रकाराकडे तिने काही काळ रेखाटनाचे धडे घेतले; आणि समुद्रदृश्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोझेफ व्हेर्ने यांनी तिला कोणत्याही एका परंपरेच्या आहारी न जाता इटालियन आणि फ्लेमिश श्रेष्ठांची चित्रे पाहण्याचा व सर्वांत अधिक निसर्गाकडूनच शिकण्याचा सल्ला दिला. हा सल्ला तिने अक्षरशः आचरणात आणला. आई सोबतीला असे आणि मुलगी लक्झेंबर्ग राजवाड्यातील कलावीथीत, धनिकांच्या खाजगी संग्रहांत, राजघराण्यातील ओर्लेआँ शाखेच्या पाले-रोयाल या वाड्यात तासन्‌तास उभी राहून रूबेन्स, रेम्ब्राँ आणि व्हॅन डाइक यांच्या चित्रांतील डोकी उतरवून घेई. समकालीन फ्रेंच चित्रकार ग्रझ याच्या तरुण मुलींच्या चेहऱ्यांवरून, त्वचेच्या नाजूक भागांत छटा एकमेकींत कशा मुरतात, हे ती शिकली.

लक्झेंबर्ग राजवाड्यात तेव्हा असलेली, राणी मारी द मेदिचीच्या जीवनावरील रूबेन्सची २४ चित्रांची मालिका आता लूव्ह्रमधील एका स्वतंत्र दालनात आहे. या दालनात काही काळ थांबून नंतर व्हिजे ल ब्रंच्या चित्रांकडे गेले, तर तिच्या अभ्यासक्रमातील एक संपूर्ण प्रकरण उलगडते. रूबेन्सच्या स्त्रियांच्या कांतीत पांढरा, गुलाबी आणि किंचित निळसर रंग पातळ थरांनी एकावर एक येतो, त्यामुळे प्रकाश त्वचेवर पडण्याऐवजी त्वचेतूनच फाकतो आहे असे वाटते. तैलरंगाचा पारदर्शक थर खालच्या वाळलेल्या रंगावर चढवण्याच्या या पद्धतीला चित्रकार ग्लेझिंग म्हणतात. एलिझाबेथने ही पद्धत कोणाच्या तोंडून ऐकण्याआधी डोळ्यांनी उकलली आणि वडिलांच्या पेस्टलमधील मऊपणा तिच्याशी जोडला. तिच्या चित्रांतील गालांची आणि गळ्याची जी तुकतुकी तिच्या काळात युरोपभर गाजली, तिचे मूळ या जोडणीत आहे.

तथापि चेहरा आणि कांती यांच्यापुढे जाण्याचा मार्ग तिला उपलब्ध नव्हता. तत्कालीन अकादमींत चित्रविषयांची उतरंड ठरलेली होती. पुराण, इतिहास आणि धर्म यांतील प्रसंग रंगवणाऱ्या चित्राला इतिहासचित्र म्हणत आणि त्याचे स्थान सर्वांत वर असे. व्यक्तिचित्र त्याच्या खाली येई, आणि निसर्गदृश्ये व वस्तुचित्रे आणखी खाली. इतिहासचित्रासाठी लागणारा पुरुषदेहाचा अभ्यास नग्न पुरुष प्रतिमानावरून करावा लागे आणि त्या वर्गात स्त्रियांना मज्जाव होता. म्हणून अठराव्या शतकातील बहुसंख्य स्त्री चित्रकार व्यक्तिचित्रांकडे किंवा फुलाफळांच्या चित्रांकडे वळलेल्या दिसतात. ही निवड स्वभावातून झाली, असे पुढे अनेकदा सांगितले गेले. तिच्यामागील सक्ती मात्र क्वचितच लक्षात घेतली गेली.

उत्पन्नाची गरज हेही तेवढेच मोठे कारण होते. आईने लवकरच ल सेव्र नावाच्या जवाहिऱ्याशी लग्न केले. पंधराव्या वर्षाच्या सुमारास एलिझाबेथच्या व्यक्तिचित्रांवर घरखर्च आणि धाकट्या भावाचे शिक्षण चालू लागले आणि ती मिळकत सावत्र वडील ताब्यात घेत. पॅरिसमध्ये चित्रकलेचा व्यवसाय करण्यासाठी श्रेणीचे सदस्यत्व आवश्यक असे; ते नसल्यामुळे १७७४ मध्ये अधिकाऱ्यांनी तिच्या चित्रशाळेला टाळे ठोकले. तेव्हा तिने सेंत-ल्यूक अकादमीकडे अर्ज केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिला सदस्यत्व मिळाले. सेंत-ल्यूक ही पॅरिसच्या चित्रकार-शिल्पकारांच्या जुन्या श्रेणीची संस्था होती आणि १६४८ मध्ये स्थापन झालेल्या शाही अकादमीच्या तुलनेत तिची प्रतिष्ठा कमी असली, तरी स्त्रियांना ती अधिक सहज जवळ करी. एकोणिसाव्या वर्षी एलिझाबेथ कायद्याने चित्रकार झाली ती अशी.

११ जानेवारी १७७६ रोजी सेंत-युस्ताश चर्चमध्येच तिचा विवाह जाँ-बातिस्त-पिएर ल ब्रं याच्याशी झाला. ल ब्रं स्वतः चित्रकार होता, परंतु त्याची ओळख होती ती चित्रांचा जाणकार आणि व्यापारी म्हणून. रु द क्लेरी येथील त्याच्या घरात विक्रीसाठी आलेल्या जुन्या श्रेष्ठांच्या कलाकृती सतत येत-जात आणि त्या उतरवून घेण्याची मुभा पत्नीला असे. जुगार आणि उधळपट्टी यांत तिची कमाई संपवणारा हा नवरा तिच्या आठवणींत फारशा आदराने येत नाही; परंतु त्याच्या दुकानामुळे तिला जे पाहायला मिळाले, ते पाहण्यासाठी इतर चित्रकारांना देशोदेशी हिंडावे लागत असे, हेही नाकारता येत नाही. १२ फेब्रुवारी १७८० रोजी त्यांची एकुलती एक मुलगी ज्यूली जन्मली. त्या दिवशी कळा सुरू झाल्या तरी आईने हातातले चित्र सोडले नव्हते, असे तिने पुढे लिहून ठेवले आहे.

१७८१ मध्ये पतीबरोबर फ्लँडर्स आणि हॉलंडचा प्रवास करताना अँटवर्प येथे तिने रूबेन्सचे एका तरुण स्त्रीचे चित्र पाहिले. ते ‘गवती टोपी’ या नावाने प्रसिद्ध आहे, जरी चित्रातील टोपी प्रत्यक्षात नमद्याची आहे. टोपीच्या रुंद काठामुळे चेहऱ्यावर सावली पडते आणि त्या सावलीतही इतरत्र उसळून आलेला प्रकाश कांती उजळतो. थेट ऊन आणि परावर्तित उजेड यांचा हा मेळ पाहून भारावलेल्या एलिझाबेथने आपले स्वतःचे चित्र तसेच रंगवले. तिच्या डोक्यावर खरीच गवती टोपी आहे, टोपीत ताजी फुले खोवलेली आहेत आणि हातात रंगांनी माखलेले पॅलेट व कुंचले आहेत. तिनेच केलेली या चित्राची प्रत आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि योगायोगाने रूबेन्सचे मूळ प्रेरणाचित्रही १८७१ पासून त्याच संग्रहालयात आहे. त्यामुळे ट्राफल्गर चौकातील या इमारतीत जाणाऱ्याला एकाच फेरीत धडा आणि त्यावरील उत्तर ही दोन्ही पाहता येतात. रूबेन्सची स्त्री हात जुळवून, पापण्या किंचित झुकवून कोणाकडून तरी पाहिली जाते आहे. व्हिजे ल ब्रंच्या चित्रातील स्त्री हाती साधने घेऊन थेट समोर पाहते. जिचे रूप हा कौतुकाचा विषय होता, त्या स्त्रीने आपल्या रूपाइतकाच आपला व्यवसायही चित्रात ठळकपणे मांडला आणि ही मांडणी जाणीवपूर्वक केलेली आहे.

पॅरिसहून व्हर्सायला आता लोकल गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येते; एलिझाबेथ तिथे घोडागाडीने जात असे. राणी मारी आंत्वानेतचे प्रत्यक्ष बैठक घेऊन काढलेले तिचे पहिले चित्र १७७८ मधील असून ते राणीच्या माहेरी, व्हिएन्नाला पाठवण्यात आले आणि आजही तिथल्या कलेतिहास संग्रहालयात आहे. दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या होत्या. गरोदर असलेल्या चित्रकर्तीच्या हातून एकदा रंगाचे साहित्य जमिनीवर सांडले, तेव्हा राणीने स्वतः वाकून ते गोळा केले, असा प्रसंग एलिझाबेथने नोंदवला आहे. १७८३ मध्ये शाही अकादमीच्या प्रवेशाचा प्रश्न आला, तेव्हा हेच नाते निर्णायक ठरले. चित्रांचा व्यापार करणाऱ्याशी संबंध असलेल्याला सदस्यत्व देऊ नये, असा नियम पुढे करून तिला नाकारण्याचा प्रयत्न झाला. राणीच्या शब्दामुळे राजाने हस्तक्षेप केला आणि ३१ मे १७८३ रोजी तिला प्रवेश मिळाला. त्याच दिवशी आदेलाईद लाबी-गियार ही दुसरी व्यक्तिचित्रकर्तीही निवडली गेली. एका वेळी चारांहून अधिक स्त्रिया सदस्य असू नयेत, अशी अकादमीची मर्यादा होती आणि या दोघींच्या प्रवेशाने ती पूर्ण झाली. एलिझाबेथने सादर केलेले चित्र मात्र व्यक्तिचित्र नव्हते. शांतीबरोबर समृद्धी परत येते, ही कल्पना दोन स्त्रीरूपांतून मांडणारे ते रूपकचित्र असून आता लूव्ह्रमध्ये आहे. इतिहासचित्राच्या बंद प्रांतावर तिने सांगितलेला तो हक्क होता.

त्याच वर्षी लूव्ह्रमध्ये भरलेल्या सालोंमध्ये, म्हणजे अकादमीच्या सार्वजनिक चित्रप्रदर्शनात, तिने राणीला गवती टोपी आणि पांढऱ्या मलमलीचा सैल झगा अशा वेषात दाखवले. मुळात भारतातून युरोपात गेलेल्या या तलम सुती कापडाने तेव्हा फ्रेंच दरबारात रेशमाची जागा घ्यायला सुरुवात केली होती. देशातील रेशीम विणणाऱ्यांच्या पोटावर राणी पाय देते आहे, शिवाय अंतर्वस्त्रांत चित्र काढून घेऊन राजपदाची अप्रतिष्ठा करते आहे, असा ओरडा झाला आणि ते चित्र उतरवून त्याच्या जागी रेशमी वस्त्रातील, हाती गुलाब घेतलेली राणी टांगण्यात आली. गुलाबाचे हे चित्र व्हर्सायच्या संग्रहात आहे. राजवाड्यातच असलेले १७८७ चे ‘राणी आणि तिची मुले’ हे भव्य चित्र राणीला कुटुंबवत्सल माता म्हणून जनतेपुढे आणण्यासाठी करून घेण्यात आले होते. त्यातील युवराज एका रिकाम्या पाळण्याकडे बोट दाखवतो, कारण चित्र पूर्ण होण्याआधीच धाकटी राजकन्या सोफी दगावली होती. पाळण्यातील ती पोकळी चित्रात न लपवता राखणे, हे या प्रचारकी हेतूच्या चित्राला लाभलेले खरे मानवी मूल्य आहे. चित्र वेळेवर पोहोचले नाही, तेव्हा सालोंमधील मोकळ्या चौकटीकडे बोट दाखवून लोकांनी राणीला राज्याच्या तुटीची मालकीण ठरवले होते, यावरून काळाची दिशा स्पष्ट होते.

१७८७ च्या त्याच प्रदर्शनात तिने मुलीला कुशीत घेतलेले आपले चित्रही ठेवले होते. आता लूव्ह्रमध्ये असलेल्या या चित्रात ओठ किंचित विलग होऊन दात दिसतात आणि तेवढ्यावरून तत्कालीन टीकाकारांनी कृत्रिमतेचा व असभ्यतेचा आरोप केला. प्रतिष्ठित व्यक्तीचे ओठ चित्रात मिटलेलेच असावेत, असा तेव्हाचा संकेत होता. उघडे तोंड हे मद्यपी, भिकारी किंवा वेडे यांच्या चित्रांसाठी राखलेले असे. आज पाहणाऱ्याला ज्यात काहीही वावगे दिसत नाही, त्या स्मितामागे एक ठरवून मोडलेला नियम आहे.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने तिच्या कारकिर्दीतील विशेष लक्षणीय प्रकरण १७८८ मधील आहे. मराठे आणि निजाम यांच्याशी झालेले युद्ध १७८७ मध्ये तहाने मिटल्यावर इंग्रजांविरुद्ध फ्रान्सची मदत मिळवण्यासाठी टिपू सुलतानाने तीन वकील पाठवले. ते समुद्रमार्गे तुलों बंदरात उतरले आणि ऑगस्टमध्ये व्हर्सायला सोळाव्या लुईच्या दरबारात हजर झाले. एलिझाबेथने त्यांना ऑपेरात पाहिले आणि त्यांची चित्रे काढण्याची इच्छा प्रकट केली. राजाने सांगितल्याशिवाय बैठक देणार नाही, असे वकिलांनी कळवले आणि राजाने तसे सांगितल्यावरच ती कॅनव्हास व रंग घेऊन त्यांच्या मुक्कामी गेली. मुहम्मद दरवेश खान याच्या पूर्णाकृती चित्रात पायघोळ तलम पोशाख, दाढीदार करारी मुद्रा आणि हातातील तलवार यांतून जो रुबाब उतरला आहे, तो फ्रेंच सरदारांच्या तिच्या चित्रांतही विरळा आहे. पूर्ण झालेले चित्र खानाने आपल्या पलंगामागे लपवून ठेवले आणि एलिझाबेथला ते युक्तीने परत मिळवावे लागले, असे तिने सांगितले आहे. १७८९ च्या सालोंमध्ये मांडलेले हे चित्र २०१९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. मदतीची ती वकिली निष्फळ ठरली आणि पाठोपाठ फ्रान्सची राजसत्ताही कोसळली. दोन्ही दरबारांच्या त्या भेटीचे इतके जिवंत स्मारक दुसरे नाही.

राणीशी असलेली जवळीक आता घातक ठरू लागली होती. १७८८ मध्ये तिने घरी ग्रीक पद्धतीच्या वेषात, साध्या पदार्थांची एक रात्रीची मेजवानी दिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्याला १५ फ्रँक खर्च आला होता, परंतु अफवेतला आकडा व्हर्सायला २० हजार, रोममध्ये ४० हजार आणि पीटर्झबर्गपर्यंत ८० हजार झाला. पुरुष चित्रकाराच्या यशाला प्रतिभा म्हणणारा समाज स्त्रीच्या यशामागे धनिक आश्रयदाते शोधत होता. तिची चित्रे दुसराच कोणी काढतो, असेही बोलले गेले. ६ ऑक्टोबर १७८९ रोजी जमावाने राजकुटुंबाला व्हर्सायहून पॅरिसला आणले आणि त्याच सुमारास मध्यरात्री एलिझाबेथ नऊ वर्षांची मुलगी व तिची शिक्षिका यांच्यासह, कामकरी स्त्रीच्या वेषात सार्वजनिक टपालगाडीत बसून लियोंच्या दिशेने निघाली. परतायला बारा वर्षे लागतील, याची कल्पना तिला नव्हती.

आल्प्स ओलांडून तुरीन, पार्मा, बोलोन्या, फ्लॉरेन्स आणि रोम असा तिचा मार्ग होता. या वाटेवर ती निर्वासित होती आणि त्याच वेळी, इतक्या वर्षांनी, व्हेर्नेच्या सल्ल्यातील इटली प्रत्यक्ष पाहणारी विद्यार्थिनीही होती. पार्म्यात कोरेज्जो आणि रोममध्ये राफाएल यांच्यासमोर तिने पॅरिसमधील सवयीनेच अभ्यास केला. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात चित्रकारांच्या आत्मचित्रांचा एक विशेष संग्रह असून तो सतराव्या शतकात कार्डिनल लेओपोल्दो द मेदिची याने सुरू केला. या संग्रहासाठी तिच्याकडे चित्राची मागणी झाली आणि १७९० मध्ये रोममध्ये तिने ते पूर्ण केले. काळा पोशाख, कमरेला लाल पट्टा, डोक्यावर पांढरे वस्त्र आणि चित्रफळकासमोर बसलेली ती. फळकावरील अपुऱ्या चित्रात राणी मारी आंत्वानेतचा चेहरा उमटतो आहे. राणी पॅरिसमध्ये नजरकैदेत असताना काढलेल्या या चित्रात निष्ठा, अभिमान आणि व्यवसायाची जाहिरात यांचे असे मिश्रण आहे की त्यातले एकही वेगळे काढता येत नाही. रोममध्ये तिची भेट आंगेलिका काउफमानशी झाली. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही चित्रकर्ती लंडनच्या रॉयल अकादमीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होती आणि इतिहासचित्रांत नाव कमावलेल्या अगदी थोड्या स्त्रियांत तिची गणना होते.

नेपल्समध्ये मारी आंत्वानेतची बहीण मारिया कारोलिना राणी होती. तिची, तिच्या मुलींची आणि पाइझिएल्लो या संगीतकाराची चित्रे एलिझाबेथने तिथे काढली. ब्रिटिश वकील विल्यम हॅमिल्टन याची सहचरी एमा हिला तिने प्राचीन भविष्यवादिनीच्या, म्हणजे सिबिलच्या, रूपात रंगवले आणि हे चित्र पुढे प्रत्येक नव्या शहरी सोबत नेले. अनोळखी दरबारात शिफारसपत्राऐवजी ती हे चित्र मांडत असे आणि व्हिएन्नात वयोवृद्ध मुत्सद्दी काउनिट्झ याने ते आपल्या दालनात लोकांसाठी ठेवले होते. १७९२ पासूनच्या व्हिएन्नातील वास्तव्यात फ्रान्समधून एकामागून एक वाईट बातम्या आल्या. देश सोडून गेलेल्यांच्या यादीत तिचे नाव घातले गेल्यामुळे ती नागरिकत्वाला मुकली. ऑक्टोबर १७९३ मध्ये राणीचा वध झाला. आणि मालमत्ता वाचवण्याच्या खटपटीत असलेल्या नवऱ्याने १७९४ मध्ये घटस्फोट घेतला. पत्नी कलेच्या अभ्यासासाठीच परदेशी गेली आहे, अशी बाजू त्याने छापील पुस्तिकेतून मांडली होती.

१७९५ च्या उन्हाळ्यात ती सेंट पीटर्झबर्गला पोहोचली आणि सहा वर्षे रशियात राहिली. नेवा नदीकाठच्या एर्मिताज संग्रहालयातील तिच्या चित्रांत सम्राज्ञी कॅथरीनच्या दोन नातींचे, अलेक्झांद्रा आणि येलेना यांचे, चित्र विशेष बोलके आहे. तिने मुलींना बिनबाह्यांच्या ग्रीक वेषात रंगवले होते; सम्राज्ञीला ते रुचले नसल्याचे कानी येताच तिने कपडे बदलून बाह्या रंगवल्या. आश्रयावर जगणाऱ्या कलावंताचे स्वातंत्र्य किती तोकडे असते, ते त्या नंतर चढवलेल्या बाह्या सांगतात. स्वतः कॅथरीन बैठक देण्यापूर्वीच १७९६ मध्ये वारली. तरीही पॅरिसमध्ये नवऱ्याच्या हाती जाणारी कमाई रशियात तिच्या स्वतःच्या हाती राहिली आणि १८०० मध्ये तिथल्या अकादमीने तिला सन्माननीय सदस्यत्व दिले. याच शहरात मुलीने आईच्या मनाविरुद्ध विवाह केला आणि दोघींमध्ये आलेला दुरावा पुरता कधीच मिटला नाही. लूव्ह्रमधील मायलेकींच्या आलिंगनाची चित्रे पाहताना हा उत्तरार्ध ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

तिचे नाव परागंदांच्या यादीतून वगळावे, अशा विनंतीवर २५५ कलावंत, साहित्यिक व विद्वानांनी सह्या केल्या आणि १८०२ च्या जानेवारीत ती पॅरिसला परतली. १८०३ पासून सुमारे दोन वर्षे ती इंग्लंडमध्ये होती. १८०७ आणि १८०८ मध्ये स्वित्झर्लंडचा प्रवास करताना तिने जिनिव्हा सरोवराकाठच्या कोपे येथे लेखिका मादाम द स्ताल हिला तिच्याच कादंबरीतील कोरीन या कवयित्रीच्या रूपात, हाती वीणेसारखे तंतुवाद्य देऊन रंगवले. हे चित्र जिनिव्हाच्या संग्रहालयात आहे. याच डोंगराळ प्रदेशात तिने पेस्टलमध्ये निसर्गदृश्ये काढली. वडिलांकडून मिळालेल्या पहिल्या साधनाकडे पन्नाशीत परतताना ती मागणीसाठी चित्र काढत नव्हती. कोणाचेही साम्य साधण्याचे बंधन नसलेले हे काम केवळ तिचे स्वतःचे होते.

सेन नदीजवळच्या लूव्हसिएन या गावी तिने घर घेतले आणि उत्तरायुष्यातील अनेक उन्हाळे तिथे काढले. पॅरिसच्या सेंत-लाझार स्थानकावरून लोकल गाडी या गावाला जाते आणि पॅरिसमधील सेंत-लाझार याच नावाच्या रस्त्यावरील घरी ३० मार्च १८४२ रोजी तिचा मृत्यू झाला. दफन लूव्हसिएनच्या स्मशानभूमीत आहे. १८३५ ते १८३७ या काळात तिच्या आठवणी तीन खंडांत प्रसिद्ध झाल्या. त्यांना जोडलेल्या याद्यांनुसार तिने ६०० हून अधिक व्यक्तिचित्रे आणि सुमारे २०० निसर्गदृश्ये काढली. पुतणीसाठी तिने व्यक्तिचित्रणाविषयी काही सूचनाही लिहिल्या. बैठकीच्या अर्धा तास आधी सिद्ध होऊन मन एकाग्र करावे. मागे आरसा ठेवून व्यक्ती आणि चित्र दोन्ही एकदम पाहावीत. समोरच्या स्त्रीशी तिच्या रूपाबद्दल प्रोत्साहक बोलावे म्हणजे तिचा चेहरा खुलतो. कंटाळा येऊ देऊ नये. पुस्तकात न सापडणारे आणि शेकडो बैठकींतून गवसलेले हे ज्ञान तिने जपून पुढे दिले.

तिच्या कलेवरील आक्षेप गंभीर आहेत आणि ते टाळून चालणार नाही. तिची माणसे वास्तवापेक्षा तरुण व देखणी दिसतात. ज्या राजवटीच्या अन्यायाविरुद्ध लोक उठले, तिच्याशी ती अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिली. सिमोन द बोव्हार यांनी तर तिच्या हसऱ्या मातृत्वाच्या चित्रांत आत्मप्रेमच पाहिले. परंतु बैठकीगणिक पोट भरणाऱ्या, नवऱ्याच्या कर्जापायी आणि दरबाराच्या मर्जीपायी जगणाऱ्या स्त्रीने रूपाची आर्जवे केली, म्हणून तिची नजर खोटी ठरत नाही. उबेर रोबेर या चित्रकार मित्राच्या लूव्ह्रमधील चित्रात विस्कटलेले केस, चुरगळलेला गळपट्टा आणि चौकटीबाहेर भिडलेली दृष्टी तिने जशीच्या तशी उतरवली आहे. जिथे खुशामतीची गरज नव्हती, तिथे ती काय करू शकत होती याचा हा पुरावा आहे.

एवढी कीर्ती असूनही तिच्या कामाचे पहिले मोठे समग्र प्रदर्शन १९८२ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे भरले आणि तिच्या स्वतःच्या देशात तसे प्रदर्शन व्हायला २०१५ साल उजाडले. तिच्याकडे काही काळ शिकलेली मारी-गियेमीन बनुआ १८०० च्या सालोंमध्ये एका कृष्णवर्णीय स्त्रीचे असामान्य चित्र मांडू शकली, म्हणजे एकीने स्वबळावर मिळवलेली विद्या दुसरीपर्यंत पोहोचली होती. पॅरिसच्या शासकीय कलाशाळेचे दार मात्र स्त्रियांसाठी १८९७ मध्ये, एलिझाबेथच्या मृत्यूनंतर ५५ वर्षांनी, उघडले. दरम्यानच्या काळात तिचे उदाहरण देऊन, खऱ्या प्रतिभेला शाळेची गरज नसते, असे म्हणणे सोपे होते आणि ते सर्वस्वी अन्यायाचे होते. तिला बाप चित्रकार लाभला, नवऱ्याच्या घरी श्रेष्ठांची चित्रे लाभली आणि राणीचा शब्द लाभला. ज्या मुलींना यातले काहीच लाभले नाही, त्यांच्या वह्यांच्या कडांवरील चेहरे तिथेच संपले. व्हिजे ल ब्रंच्या चित्रांचा गौरव करणाऱ्याने त्या अनामिक मुलींची हानीही तितक्याच स्पष्टपणे मोजली पाहिजे, कारण तिच्या यशाची खरी उंची त्या हानीच्या मापानेच कळते.